इंजिन बांधताना पैसे नेमके कुठे बुडतात: या चुका टाळा

दर काही महिन्यांनी कोणीतरी नवे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, मोठी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि चकचकीत इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्या) माझ्यासमोर मांडतो आणि यातून किती हॉर्सपॉवर निघेल असे विचारतो. हा प्रश्नच उलटा आहे. किती हॉर्सपॉवर हवी, ती किती आरपीएमला (मिनिटाला किती फेऱ्यांना) हवी आणि गाडी रोज चालवायची की फक्त ट्रॅकवर न्यायची, हे कागदावर लिहून झाल्याखेरीज एकही सुटा भाग घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पौंड-फुटांतल्या टॉर्कला (फिरवणाऱ्या जोराला) आरपीएमने गुणून ५२५२ ने भागले की हॉर्सपॉवर मिळते. म्हणजे ती वाढवायची तर एकतर टॉर्क वाढवावा लागतो किंवा इंजिन जास्त फिरवावे लागते, आणि या दोन वाटांचा खर्च अगदी वेगवेगळ्या ठिकाणी होतो. आरपीएमची मर्यादा ६,५०० वरून ८,००० वर नेली, तर पिस्टनच्या जडत्वामुळे कनेक्टिंग रॉडवर आणि त्याच्या बोल्टवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि सुमारे दीडपट होतो. त्यामुळे रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ऑइल पंप हे सगळेच यादीत येतात. हिशेबात मात्र बहुतेकांनी कॅमचीच किंमत धरलेली असते.

सर्वांत जास्त पैसे बुडवणारी चूक म्हणजे ब्लॉक मोजण्याआधी पिस्टन विकत घेणे. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ८६ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) चार सिलिंडरचे इंजिन होते. ते उघडायच्या आधीच, पिस्टन सवलतीत मिळत आहेत एवढ्या एका कारणासाठी, मी ८६.५ मिलिमीटरचा संच मागवला. इतपत ओव्हरसाइझ (बोअर कापून मोठा करणे) पुरेल असा माझा अंदाज होता आणि त्या अंदाजाला आधार काहीच नव्हता. ब्लॉक मशीनशॉपमध्ये गेला तेव्हा तिथल्या अनुभवी कारागिराने डायल गेज बाजूला ठेवले, मला जवळ बोलावले आणि तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवायला सांगितले. नख दोन ठिकाणी अडकले. हेड गॅस्केटमधून झिरपलेले पाणी त्या सिलिंडरमध्ये बराच काळ साचून राहिले होते आणि गंजाने भिंतीला खड्डे पाडले होते. त्यांची खोली सुमारे ०.३ मिलिमीटर भरली. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ म्हणजे भिंतीच्या प्रत्येक बाजूने फक्त ०.२५ मिलिमीटर धातू निघतो. खड्डे जाण्यासाठी बोअर ८७ वर न्यावा लागणार होता, आणि माझे पिस्टन खोक्यातच राहणार होते.

त्या वेळी शहाणपणाचा निर्णय म्हणजे पिस्टन तोट्यात विकून टाकणे. मी मात्र हट्टाने तिसऱ्या सिलिंडरला लायनर (आतून नवी नळी) बसवून घेतला. लायनरचे काम, त्यानंतर ब्लॉकचा माथा पुन्हा सपाट करणे आणि वाया गेलेले तीन आठवडे यांची बेरीज केली, तेव्हा सवलतीत जे वाचले होते त्याच्या कितीतरी पट रक्कम गेलेली होती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: इंजिन उघडायचे, धुवायचे, तडे तपासायचे, मोजायचे आणि मगच पिस्टन मागवायचे. पिस्टन आल्यावर ते ब्लॉकसोबत मशीनशॉपमध्येच द्यायचे, म्हणजे प्रत्येक पिस्टन उत्पादकाने सांगितलेल्या जागी मोजून त्या त्या बोअरचे शेवटचे होनिंग (दगडाने बारीक घासणे) त्याच्या मापाने करता येते. शक्य असेल तिथे होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून करून घ्यावे, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर गोल बोअर किंचित वाकडा होतो.

तडे तपासण्याचे काम सगळ्यांच्या आधी येते, कारण तडकलेल्या ब्लॉकवर केलेले बोअरिंग फुकट जाते. ओतीव लोखंडाला चुंबकीय तपासणी चालते. ॲल्युमिनियमला ती लागू पडत नाही, तिथे रंगद्रव्याची किंवा दाबाची तपासणी करावी लागते.

दुसरी चूक हिशेबाच्या वहीतली आहे. नवखे लोक सुट्या भागांच्या किमतींची बेरीज करतात आणि तिलाच बजेट म्हणतात. त्यात बोअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग, बॅलन्सिंग, हेडचे फेसिंग, व्हॉल्व्ह सीट, गॅस्केट संच, बेअरिंग, नवे बोल्ट, तेल आणि फिल्टर यांपैकी काहीच नसते. क्लच, रेडिएटर आणि ब्रेक यांचा तर विचारही झालेला नसतो. मी वहीत भाग, मशीनशॉप आणि बाकी किरकोळ असे तीन रकाने आखतो आणि एकूण रकमेचा चौथा हिस्सा कशासाठीही न ठरवता बाजूला ठेवतो. हा चौथा हिस्सा आजवर एकदाही शिल्लक राहिलेला नाही. तो काढून ठेवणे ज्याला परवडत नाही, त्याने हॉर्सपॉवरचे उद्दिष्ट खाली आणावे. उद्दिष्ट तेच ठेवून बेअरिंगमध्ये काटकसर करू नये.

इंधन आणि ट्यूनिंग यांना शेवटी उरेल ते द्यायचे, ही सवयही अशीच महागात पडते. टर्बो इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे ताशी सुमारे ०.६ पौंड पेट्रोल लागते असे धरले, तर ३०० हॉर्सपॉवरसाठी ताशी १८० पौंड आणि चार इंजेक्टरांत वाटल्यावर प्रत्येकी ४५ पौंड होतात. इंजेक्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नसतो, म्हणून तो ताशी ५६ पौंडांचा, म्हणजे मिनिटाला साधारण ५९० सीसीचा घ्यावा लागतो, आणि तेवढे पेट्रोल पुरवणारा पंपही लागतो. कागदावर पाच मिनिटांत होणारे हे गणित टाळून दुसऱ्याच इंजिनाचा तयार मॅप (इंधन आणि स्पार्कचा तक्ता) भरणाऱ्यांविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही. मिश्रण पातळ झाले (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले) आणि डिटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) सुरू झाले की महागडा फोर्ज्ड पिस्टनही फार काळ तग धरत नाही. डायनोवरच्या (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच्या) ट्यूनिंगचे पैसे मी पिस्टनच्या आधी वेगळे काढतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. एकदा ताणून बसवायचे बोल्ट, म्हणजे टॉर्क-टू-यील्ड प्रकारचे, दुसऱ्यांदा वापरू नयेत. पिस्टन रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांमधली फट) कारखान्यातून बरोबर येतो असे गृहीत धरू नये: साध्या इंजिनात १०० मिलिमीटर बोअरला सुमारे ०.४ आणि टर्बोत ०.६ मिलिमीटर हा ढोबळ अंदाज धरून, पिस्टनबरोबर आलेल्या तक्त्याप्रमाणे तो फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) स्वतः तपासावा. गॅप कमी राहिला तर तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनवरचा रिंगच्या खाचेचा कठडा तुटतो. मोठी कॅम बसवली असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाही ना हे पाहण्यासाठी पिस्टनवर मऊ मातीचा थर लावावा, इंजिन हाताने फिरवावे आणि व्हॉल्व्हचा ठसा कापून त्याची जाडी मोजावी.

होनिंगनंतर बोअर पेट्रोलने पुसणे हा घाईचा प्रकार मला विशेष खटकतो. पेट्रोलने वरचे तेल निघते, पण होनिंगच्या दगडाची बारीक पूड रेघांमध्ये तशीच राहते आणि पुढे नव्या रिंगा खाते. मी गरम साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश वापरतो, पांढरे फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत घासतो आणि लगेच तेलाचा हात देतो, कारण कोरडा बोअर बघता बघता गंजतो. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून आणि इंधन बंद ठेवून, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत इंजिन नुसतेच फिरवतो. पहिल्या थोड्या वेळाच्या चालीनंतर तेल बदलले की जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगडून बघतो. करडी पूड थोडीफार असणारच, पण बेअरिंगच्या रंगाचे चमकते कपटे दिसले तर त्याच दिवशी ऑइल पॅन खाली उतरवतो.