तीन अंतऱ्यांचं गाणं म्युझस्कोअरमध्ये: रिपीट आणि एन्डिंग कशी लावावीत

व्हायोलिन, बासरी, कीबोर्डवाल्यांसाठी स्टाफ नोटेशन काढताना तिन्ही अंतरे सलग लिहून काढले तर पानं वाढतात आणि एका ठिकाणची दुरुस्ती तीनदा करावी लागते. संगीत सारखंच असेल तर अंतरा एकदाच लिहावा. खालची उदाहरणं म्युझस्कोअर ४ या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरची आहेत.

गाणं ४/४ मध्ये, म्हणजे एका बारमध्ये (उभ्या रेषांमधल्या कप्प्यात) चार मात्रा, असं धरू. बार १ ते ४ सुरुवातीचं म्युझिक, ५ ते १२ मुखडा, १३ ते १६ मधलं म्युझिक, १७ ते २४ अंतरा आणि २५ ते २८ मुखड्याची परत येणारी ओळ. पहिल्या दोन अंतऱ्यांनंतर बार २८ वरून १३ कडे जायचं. तिसऱ्यानंतर मात्र २८ सोडून २९-३० वर संपवायचं. जे वेगळं आहे तेवढंच एन्डिंगमध्ये, म्हणजे फेरीनुसार बदलणाऱ्या शेवटात, ठेवा. इथे पहिल्या एन्डिंगला एकच बार पुरतो. २५ ते २७ दोन्हीकडे सारखेच आहेत, ते आत ओढू नका.

बार १३ च्या रिकाम्या जागेवर क्लिक करा आणि रिपीट्स अँड जम्प्स पॅलेटमधून सुरुवातीचं रिपीट चिन्ह लावा. हे राहिलं तर वादन १३ वर न येता गाण्याच्या अगदी सुरुवातीला जातं. बार २८ निवडून शेवटचं रिपीट चिन्ह द्या. मग पॅलेटच्या शोधचौकटीत volta टाइप करा; व्होल्टा म्हणजे एन्डिंगवरचा आकड्याचा कंस. २८ ला प्रिमा (पहिला) व्होल्टा लावा. २९ वर क्लिक, शिफ्ट धरून ३० वर क्लिक, आणि त्या दोघांना तेर्झा (तिसरा) व्होल्टा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. प्रिमा व्होल्टाच्या कंसावर ‘१.’ च्या जागी ‘१., २.’ लिहिलं की काम झालं असं वाटतं, पण तो फक्त छापील मजकूर. वाजवताना सॉफ्टवेअर प्रॉपर्टीजमधली रिपीट लिस्ट बघतं, म्हणून तिथेही इंग्रजी अंकांत १ आणि २ स्वल्पविराम देऊन भरा. एवढ्यानेही भागत नाही. बार २८ वर राइट-क्लिक करून मेझर प्रॉपर्टीजमध्ये प्ले काउंट ३ करा. ते मुळात २ असतं; तसंच ठेवलं तर दुसऱ्या फेरीनंतर वादन मागे वळत नाही आणि तिसरा अंतरा गायबच होतो.

कंस लांब-आखूड करायचा असेल तर माउसने ओढू नका. टोकाचा चौकोन निवडून शिफ्ट आणि डावा-उजवा बाण वापरा, म्हणजे कंस खरोखर त्या बारला जोडला जातो. नुसता ओढलेला कंस दिसतो एका बारवर आणि मोजला जातो दुसऱ्यावर.

मधल्या म्युझिकला उठाव असेल, म्हणजे समेच्या आधी एक-दोन मात्रांचे स्वर असतील, तर ते बार १२ च्या शेवटी लिहा आणि तेच २८ च्या शेवटीही. २९ मध्ये नको. रिपीट चिन्ह बारच्या मधोमध टाकण्यापेक्षा हे वादकाला कितीतरी सोपं जातं. बार तोडायची गरजच राहत नाही. शब्दांसाठी कंट्रोल-एल, पुढच्या अंतऱ्याच्या ओळीवर जायला एंटर.

तपासायचं कसं? एकूण बार मोजा: १ ते १२ चे १२, १३ ते २८ दोनदा म्हणजे ३२, मग १३ ते २७ चे १५ आणि शेवटचे २. बेरीज ६१. टेम्पो १२० ठेवून वाजवलं तर शेवटाला घड्याळ २ मिनिटं २ सेकंदांवर यायला हवं. एकदाही मागे न जाता एका मिनिटातच गाणं संपलं, तर प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये प्ले रिपीट्स बंद आहे का ते आधी बघा.

डी.एस. (आधीच्या खुणेकडे परत उडी मारायला सांगणारं चिन्ह) वापरून मुखड्यावर परतणार असाल तर एक लक्षात ठेवा: उडीनंतर रिपीट वाजत नाहीत, थेट शेवटची एन्डिंग वाजते. रिपीट हवी असतील तर डी.एस. च्या अक्षरांवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्ले रिपीट्सवर खूण करा.