हवा काढूनही पेडल मऊच लागतंय?

दोन बाटल्या ब्रेक ऑइल ओतलं, नळीतून बुडबुडे यायचे थांबले, तरी पेडल स्पंजासारखं. जुन्या ट्रकवर हे मी इतक्यांदा भोगलंय की आता तिसरी बाटली उघडतच नाही. आधी हवा कुठे बसलीय ते शोधतो. (हे ऑइल ब्रेकचं, एअर ब्रेकचं गणित वेगळं.)

मुळात हवाच आहे ना, ते बघा. दुसऱ्या पंपाला पेडल वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर मागच्या ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) सैल आहेत. ते अ‍ॅडजस्ट करा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा तो) रबर गेले. वर येऊनही पायाखाली लवचिक लागलं, तरच हवा.

मग निप्पल बघा, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू. एकदा मी पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्क पकडणारे ब्रेकचे भाग) उतरवले आणि बसवताना डावा उजवीकडे गेला. निप्पल खाली, हवा वर. संध्याकाळपर्यंत पंप मारून घेतले, पोराचा पाय दुखायला लागला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. निप्पल सगळ्यात वरच हवं.

मास्टर नवा टाकला असेल तर हवा बहुतेक त्यातच असते. तो पुढून वर कललेला असला की हवा टोकाला जाऊन बसते. ट्रकचं मागचं अंग उचलून तो सपाट करा, पाइपचं युनियन (जोडाचा नट) अर्धा आटा सैल करा, पेडल हळू दाबायला सांगा, आणि पाय सुटायच्या आत आवळा. मास्टर जुनाच असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या सिलिंडरच्या तळाशी गंज असतो. पेडल पार खाली गेलं की रबर त्यावर घासून फाटतात.

मागून ऑइल येतच नसेल तर चासीला जॅक लावलाय का बघा. अ‍ॅक्सल लोंबकळला की लोड व्हॉल्व्हला (गाडीतल्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकला ऑइलचा दाब देणारा) गाडी रिकामी वाटते आणि तो मागची वाट आवळतो. स्टँड अ‍ॅक्सलखाली घ्या.

व्हॅक्यूम पंपाने ओढताना बुडबुडे संपतच नाहीत? निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा येतेय. त्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका, पेडलला विचारा.