माघ-फाल्गुनात परसातल्या पाखरांसाठी

आमच्या वाईला थंडी रेंगाळते. महाशिवरात्रीपर्यंत पहाटे अंगावर शाल लागते, पण दुपारी बाराला परसातली माती चटका द्यायला लागलेली असते. पाखरांच्या दृष्टीने हे दिवस अडचणीचे. ओढ्यातली डबकी आटतात, पानगळीने आडोसा विरळ होतो, आणि नेमकी तेव्हाच काही पाखरं परतीच्या वाटेला लागतात तर काही घरटी बांधायला काढतात. त्यांना आपली मदत हवी असेल तर ती आधी पाण्याची.

कुंभाराकडून कुंडीखाली ठेवायची मातीची पसरट थाळी आणा. दोन इंचांपेक्षा जास्त खोल नको, आणि आतून गुळगुळीतही नको, पाय घसरतात. मध्ये एक चपटा दगड ठेवा. बुलबुल आधी त्या दगडावर उतरतो, इकडेतिकडे बघतो आणि मगच पाण्यात शिरतो. जागा निवडताना मांजराचा विचार करा. थाळी झुडपाला खेटून ठेवली तर मांजर तिथेच दबा धरून बसतं, आणि अगदी उघड्यावर ठेवली तर पाखराला उडून बसायला फांदी नसते. झुडपापासून पाच-सहा हात लांब आणि कमरेएवढ्या उंचीवर ठेवली की दोन्ही साधतं. रोज सकाळी पाणी ओतून द्या आणि थाळी काथ्याने घासा, साबण लावू नका. कडा मात्र नीट घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेपाशी कडेला चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

दाण्यांबाबत माझा हात आखडता आहे. चिमण्यांना आणि होल्यांना सकाळी मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी पुरते. तासाभरात संपेल एवढीच टाका. फरसाण, पाव, मिठाचा भात अजिबात नको. पारवे जमायला लागले तर दाणे बंदच करा, ते बाकीच्यांना उभं राहू देत नाहीत.

तसंही शिंपी, दयाळ, वटवट्या हे किडे खाणारे. चिमणीसुद्धा पिल्लांना भरवते त्या अळ्याच. त्यांच्यासाठी करायचं ते एवढंच, की परस जरा कमी झाडायचं. पडलेली पानं पेटवू नका, आंब्याखाली किंवा कुंपणाशी त्यांचा ढीग राहू द्या. सातभाईंचा थवा तिथे उतरला की एकेक पान उलटं करून खालचे किडे टिपतो. जास्वंदीवर मावा दिसला म्हणून लगेच फवारणी करू नका, शिंपी आणि वटवट्या पानांच्या मागून तो वेचत असतात.

शेवग्याची वाळकी फांदी तोडायला निघाला असाल तर आधी तिची खालची बाजू बघा. तिथे दीड-दोन इंचांचं गोल भोक आणि खाली जमिनीवर ताजा भुसा दिसला तर ते तांबट पक्ष्याचं काम. वाळकं, मऊ लाकूड कोरूनच त्याचं घरटं होतं. ती फांदी पावसाळ्यापर्यंत तशीच ठेवा. पडवीबाहेरची जळमटंही सध्या काढू नका, फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या शिंजिराची मादी तीच ओढून नेते. तिचं घरटं म्हणजे फांदीला लोंबणारी एक पिशवी: जळमटं, वाळकी पानं, सालींचे तुकडे, आणि एका बाजूला दार. दारावर छोटीशी वळचणसुद्धा असते. लांबून तो अडकलेला कचराच वाटतो, त्यामुळे साफसफाई करताना हात आवरा.

बघायला बसायचं तर सकाळी सात ते साडेआठ. रोज एकाच जागी, भिंतीला पाठ लावून बसा. पाखरं आपल्याला लवकर सरावतात. या दिवसांत माझं सगळं लक्ष थिरथिऱ्याकडे असतं. नर काळा, पोट आणि शेपटी विटकरी, मादी तपकिरी. कुंपणाच्या दगडावर बसून झुकतो आणि शेपूट सारखं थरथरवतो. हिमालयाकडून आणि त्याच्या पलीकडून आलेला हा पाहुणा मार्च सरता सरता परत जातो. तो शेवटचा कधी दिसला ती तारीख वहीत लिहा. दोन-चार वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की ती वही हातातून सुटत नाही. गावाबाहेर पळस आणि सावर फुलली असेल तर तिथेही जाऊन या. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या पळसमैनांचे थवे फुलांवर कलकलाट करत असतात. त्याही एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे निघतात.

फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते. ती 1998 साली अमेरिकेत सुरू झाली, भारत 2013 पासून तीत आहे. किमान पंधरा मिनिटं बसायचं, दिसतील त्या पाखरांची संख्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची. मुलांना सोबत घ्या, त्यांना झाडीतलं पाखरू आपल्याआधी दिसतं.

संक्रांतीचा मांजा अजून झाडांवर लोंबत असतो. काठीला आकडा बांधून तो उतरवा आणि बारीक कापून टाका. एखादं पाखरू अडकलेलं सापडलं तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. जखमी पाखराच्या चोचीत पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. उडायला शिकणारं, पिसं फुटलेलं पिल्लू खाली दिसलं तर मात्र ते उचलून घरात आणू नका. आईबाप जवळच असतात. मांजर हाकला, पिल्लाला जवळच्या फांदीवर बसवा आणि लांब व्हा.