घरात जुनी नोट सापडली तर तिची खरी किंमत कशी काढायची

सगळ्यात आधी ते '786 नंबरची नोट विका, लखपती व्हा'वाले व्हिडिओ बंद करा. त्यांत दाखवतात ती ट्रॅक्टरवाली पाचची नोट आजही चलनात आहे आणि ढिगाने मिळते, तिला कोण कशाला लाख देईल!

नोट ओळखणं सोपं आहे. चित्र, सही, प्रीफिक्स (नंबरच्या सुरुवातीची अक्षरं-आकडे) आणि इनसेट अक्षर (नंबरच्या आकड्यांखाली छापलेलं एखादं अक्षर) लिहून घ्या. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचं चित्र असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नोटा 1938 पासूनच्या, त्यांवर गव्हर्नर म्हणून टेलर किंवा आपले चिंतामणराव देशमुख, आणि नुसती सही बदलली तरी भाव बदलतो. स्वातंत्र्यानंतरच्या एक रुपयावर मात्र अर्थसचिवाची सही असते.

आता खरं अवघड काम, कंडिशन. मला हे जमायला फार वेळ लागला, कारण बाजारात धुतलेल्या आणि इस्त्री मारलेल्या नोटा 'कोऱ्या' म्हणून सर्रास फिरतात आणि वरवर बघून काही म्हणजे काही कळत नाही. खोलीत अंधार करा, नोट टेबलावर सपाट ठेवा आणि टॉर्च अगदी बाजूने, जवळजवळ आडवा धरा. घडी कितीही दाबलेली असो, रेघ दिसतेच. मग नोट उलटी करून नंबरच्या मागची बाजू बघा, कोऱ्या नोटेत छपाईचा दाब तिथे उमटलेला असतो, इस्त्रीने तो सपाट होतो. शेवटी यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च. नोटेचा कागद त्यात चमकत नाही, अख्खी नोट निळसर पांढरी उजळली तर ती साबणात बुडवलेली आहे असं समजा आणि विकणारा काहीही सांगू दे, कोऱ्याचा भाव देऊ नका.

भोकांना घाबरू नका. बँका गड्डीला पिना मारायच्या, 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं, त्यामुळे जुन्या नोटेला वॉटरमार्कजवळ दोनचार भोकं असणारच. बिनभोकाची मिळाली तर भाव चढतो. आणि कृपा करून स्वतः नोट धुऊ नका, सेलोटेप तर अजिबात लावू नका, तिच्या गोंदाचे पिवळे डाग कायमचे राहतात!

किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडून द्या. लिलावात तीच सही, तीच कंडिशन असलेली नोट प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा, आणि त्यात खरेदीदाराने लिलाववाल्यांना वरून द्यायचं कमिशन धरलंय का तेही, नाहीतर हिशोब चुकतो.

2016 मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा असतील तर 2017 च्या कायद्याने एकूण दहाच ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस. विकताना कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी टॅक्स किंवा कमिशन भरा म्हणालं तर फोन ठेवून द्या, बँक असल्या व्यवहारात पडत नाही हे तिने 2021 मध्येच जाहीर केलंय.