ट्रायच्या चर्चापत्राला उत्तर कसं लिहायचं: एका केबलवाल्याचा अनुभव

वाईत मी 22 वर्षं केबल चालवतोय. आमच्याकडून घरात जाते ती केसाएवढी एकच काच, म्हणजे फायबर. तिच्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश धावतो: 1550 नॅनोमीटरवर टीव्ही, 1490 वर इंटरनेट येतं, 1310 वर परत जातं. फोनही त्यातच. कायदा मात्र याचे तुकडे करतो: केबलची नोंदणी मी 1995 च्या कायद्याखाली पोस्टात केली, इंटरनेटचा परवाना दूरसंचार विभागाचा. या दोन्हींची घडी एकत्र बसवायची का, यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबल-प्रसारणाच्या केंद्रीय नियामकाने, 30 जानेवारी 2023 ला चर्चापत्र काढलं, म्हणजे लोकांची मतं मागवणारी प्रश्नावली. अशा पत्रावर कोणीही लिहू शकतं. आपण गप्प बसलो तर खांबावर चढणाऱ्याचं म्हणणं फायलीत येतच नाही.

चर्चापत्र ट्रायच्या वेबसाइटवर मिळतं. आधी शेवटाकडे जा, तिथे सगळे प्रश्न क्रमांकासह असतात. आपल्या अनुभवातले दोन-तीनच निवडा.

प्रश्न दराचा की परवान्याचा, हे ओळखा. दराचा नियम ट्राय स्वतः करतं. फेब्रुवारी 2016 मध्ये ठरावीक वेबसाइट स्वस्त किंवा फुकट द्यायला त्यांनी अशीच मनाई केली. परवान्यात ते शिफारस करतात, निर्णय सरकारचा. तिथे तुमचा मुद्दा सरकारी टेबलावर टिकला पाहिजे, म्हणून खर्च आणि आकडे द्या.

पहिल्यांदा मी दोन पानं नुसतं गाऱ्हाणं लिहिलं, प्रश्नक्रमांक एकही नाही. ते कोणत्या प्रश्नाखाली धरायचं, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? आता क्रमांक टाकतो आणि खाली असं लिहितो: "डोंगराकडच्या वाडीत 4 किलोमीटर फायबर ओढली. घरं 37. नुसत्या टीव्हीवर खर्च निघत नाही, नुसत्या इंटरनेटवरही नाही. दोन्ही मिळून निघतो." माझ्या सगळ्या लिखाणातला हाच भाग मला मोलाचा वाटतो, कारण तो दिल्लीत बसून कुणाला लिहिता येणार नाही.

पत्रात दिलेल्या ईमेलवर मुदतीत पाठवा. उत्तरं वेबसाइटवर जाहीर होतात, त्यामुळे मजकुरात मोबाइल नंबर किंवा घरचा पत्ता टाकू नका.

मुदत संपली की इतरांची उत्तरं वाचा. प्रत्युत्तरासाठी वेगळी तारीख असते. मोठ्या कंपनीच्या उत्तरात छोट्या ऑपरेटरबद्दल चुकीचं काही दिसलं, तर तेवढं वाक्य उचला आणि त्याखाली आपल्या वहीतले आकडे मांडा.