जुन्या एमजीचा रेडिएटर खोलण्याआधी

पार्ट मागवायची घाई करू नका. आधी गाडी नेमकी कोणती आहे ते वहीत उतरवा. एमजी या इंग्लिश कंपनीच्या टी मालिकेतल्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या लांबून सारख्याच वाटतात आणि पैसा तिथेच बुडतो. टीसी १९४५ ते १९४९, टीडी १९४९ ते १९५३ आणि टीएफ १९५३ ते १९५५. एकीचा रेडिएटर दुसरीला बसत नाही. टीसी-टीडीचं वरचं झाकण खरं, ते उघडलं की पाणी दिसतं. टीएफचं झाकण नुसतं शोभेचं. पाणी भरायचं तोंड बॉनेटखाली, आणि तिची पाण्याची व्यवस्था दाबाखाली चालणारी. म्हणून चॅसीवर ठोकलेला क्रमांक घासून, खडूची पूड चोळून नीट वाचा. टीसीचे क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. हा क्रमांक, इंजिनचा क्रमांक आणि कारखान्याची पार्ट्स लिस्ट हातात असल्याशिवाय कुणालाही फोन करू नका.

माझी टीसी दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या वाड्यात बरीच वर्षं कडब्याच्या खोलीत उभी होती. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी जिभेला खारट लागतं आणि काकाजींच्या काळात तेच पाणी गाडीत जायचं. त्यामुळे रेडिएटर उतरवायच्या आधीच आत काय असेल याचा अंदाज बांधून ठेवा. खाली घमेलं ठेवून नळी सोडा आणि वरून बादलीभर पाणी एकदम ओता. खालून धो-धो आलं तर जाळी मोकळी आहे. वर तुंबून खाली धार बारीक आली, तर ट्यूबमध्ये क्षार बसलेत. गाडी चालू होत असेल तर आणखी सोपं. इंजिन तापवून बंद करा, पंखा थांबू द्या आणि जाळीवर तळहात हळूहळू फिरवा. जिथे हाताला थंड लागेल तिथली ट्यूब बंद.

मग फोटो. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी धरलेली. जाळीची उंची, रुंदी, जाडी. ट्यूबच्या किती रांगा. एका इंचात किती पत्र्या. वरच्या-खालच्या तोंडाचा बाहेरचा व्यास. बसवायच्या कानांमधलं अंतर. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा, तो देतो. बोल्ट काढताना पान्याच्या मापावर विसंबू नका. या १२५० सीसीच्या एक्सपीएजी इंजिनात आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टचं डोकं व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश मापाचं. पाना बरोबर बसला म्हणून बाजारातला व्हिटवर्थ बोल्ट पिळला तर आटे जातात. पाण्याच्या पंपाचे आणि थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट ज्या भोकातले त्याच भोकाचा नंबर लिहून पिशवीत घाला.

आता मुख्य गोष्ट. रेडिएटरच्या जाळीला वर-खाली जोडलेली जुनी पितळी टाकी फेकायची नाही, आणि डोळ्यांआड होऊ द्यायची नाही. पहिल्या खेपेला मी रेडिएटर एका वर्कशॉपमध्ये ठेवून आलो. आठ दिवसांनी गेलो तर खालची मूळ टाकी पितळेच्या भावानं भंगारात गेलेली, आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुठल्या गाडीची टाकी कापून जोडलेली. ती टाकी परत मिळाली नाही, ते अजून मनाला लागतं. त्यानंतर अकोल्याच्या हायवेवर ट्रकचे रेडिएटर करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे वरची टाकी घेऊन गेलो. त्यांनी पितळी ब्रशनं हळूहळू रंग काढला, तेव्हा काळ्या थराखालून आधी पिवळं पितळ, मग ठोकलेले चार आकडे आणि कडेला कथलाची जुनी, एकसारखी रेघ दिसली. चाचा म्हणाले, "भाऊ, जायी गेली, पन टाकी सोन्यावानी हाये. हे नोका फेकू." तेच खरं आहे. जाळी नवी करून घेता येते. टाकी, कान, भरायचं तोंड आणि क्रोमचं कवच मात्र मूळच हवं.

काम देताना तीन गोष्टी आधीच ठरवा: तुम्ही समोर बसणार, काढलेला प्रत्येक तुकडा परत नेणार, आणि जोरदार अ‍ॅसिड वापरायचं नाही. त्यानं क्षारही जातो आणि ट्यूबही. सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य पाण्यात रात्रभर ठेवणं पुरतं. गॅसच्या मोठ्या ज्योतीलाही नाही म्हणा. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या आसपासच पातळ होतो. एक भोक बुजवताना शेजारचे दोन सांधे सुटतात.

गळती तपासायला सगळी तोंडं बंद करून रेडिएटर हौदात बुडवा आणि सायकलच्या पंपानं दोन-तीन पौंड हवा द्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा थेट लावू नका. टीसीची व्यवस्था दाबाची नाही, तिला नव्या गाडीचं दाबाचं झाकणही लावायचं नाही, जुने सांधे फुटतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा नवा रेडिएटर टाका, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मोकळी जाळी, इंजिनचा स्वच्छ ब्लॉक आणि ठिणगीचं बरोबर टायमिंग असेल तर मूळ घडणीचा रेडिएटर पुरेसा आहे. ब्लॉकच्या मागच्या बाजूचा गाळ मात्र काढाच, तो राहिला तर नव्या जाळीचा उपयोग नाही.

यानंतरच बाहेरून काय मागवायचं ते ठरेल. अमेरिकेतली मॉस मोटर्स १९४८ पासून या गाड्यांचे पार्ट विकते. इंग्लंडमधल्या एमजी कार क्लबची टी गाड्यांसाठी वेगळी शाखा आहे. विचारताना क्रमांक, फोटो आणि मापं एकदम पाठवा. नव्यानं घडवलेला पार्ट आहे की त्या काळातला, हे स्पष्ट विचारा. रेडिएटरवरचं बिल्ला-चिन्ह चॉकलेटी आणि क्रीम रंगाचं हवं. चकाकतं लाल दाखवलं तर घेऊ नका. कस्टम आणि पार्सलचा खर्च आधीच धरा. होज पाइपसाठी मात्र परदेशी जायची गरज नाही, आतला व्यास जुळला की ट्रॅक्टरच्या दुकानात सरळ पाइप मिळतो. पाण्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणि तांब्या-पितळेला चालणारं कूलंट आणून ठेवा.

शेवटी, पार्ट येईपर्यंत उघडा रेडिएटर कुठे ठेवणार? जमिनीवर नको, भिंतीला टेकवूनही नको. गोधडीत गुंडाळून फळीवर उभा ठेवा आणि सगळी तोंडं कापडानं बंद करा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर करते. मी लाल कापड वापरतो, म्हणजे बसवताना एखादा बोळा आत राहून जात नाही.