जुन्या टर्बो गाडीच्या पॉवर ब्रेकला हात लावायच्या आधी

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी टर्बो गाडी आहे आणि ब्रेकचं काम या शनिवार-रविवारी स्वतः किंवा मिस्त्रीच्या बाजूला उभं राहून करून घ्यायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, मोठी डिस्क, भारी कॅलिपर, ब्रेडेड होज यातलं काहीही विकत घ्यायच्या आधी बूस्टरला (पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा डबा) पुरेसा व्हॅक्यूम (हवेची ओढ) मिळतोय का ते मोजा, अंदाजाने नाही, गेज लावून.

माझी गाडी 2006 ची पेट्रोल टर्बो. दोन पावसाळ्यांपूर्वी पुण्याहून येताना लोणावळ्याच्या अलीकडे एका ट्रेलरला ओव्हरटेक केलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि पुढे लगेच घाटाचा उतार लागला म्हणून ब्रेक दाबला तर पॅडल लाकडाच्या फळीसारखं. खाली जाईचना. बायकोने दोन्ही हात डॅशबोर्डला लावले. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, दोन्ही पाय पॅडलवर देऊन कशीबशी डाव्या बाजूला घेतली. मिनिटभराने ब्रेक एकदम नॉर्मल! हे त्याआधी तीन-चार वेळा थोडंथोडं झालं होतं आणि एका गॅरेजवाल्याने त्यावर दोनदा नवे पॅड टाकून दिले होते. पॅडचा काहीएक संबंध नव्हता. बूस्टरच्या होजमधला वनवे वॉल्व्ह गेला होता, आणि आधीच्या कामात कोणीतरी तिथे साधा पेट्रोलचा रबरी पाइप चढवून ठेवला होता जो इंजिन गरम झालं की आतल्या ओढीने चपटा व्हायचा.

हे का होतं ते डोक्यात बसलं की पुढची सगळी यादी आपोआप समजते. बूस्टर म्हणजे मधे रबरी पडदा असलेला डबा. पडद्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम, ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत येते आणि ती हवा पडदा ढकलते. 9 इंची बूस्टरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 410 चौरस सेंटिमीटर, 20 इंच (पाऱ्याचे, गेजवरचं माप) व्हॅक्यूम असेल तर ढोबळ हिशेबाने 280 किलोच्या आसपास जोर तुमच्या पायाच्या मदतीला येतो, आणि व्हॅक्यूम 10 इंचावर आला की तोच जोर निम्मा. आता पेट्रोल टर्बोमध्ये हा व्हॅक्यूम येतो इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनला हवा नेणारे पाइप), आणि बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आला की त्याच मॅनिफोल्डमध्ये ओढ जाऊन उलट प्रेशर तयार होतं. म्हणजे जेवढा वेळ तुम्ही गाडी पळवताय तेवढा वेळ बूस्टर फक्त साठवलेल्या व्हॅक्यूमवर जगतोय, आणि तो साठा धरून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे तो अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा वनवे वॉल्व्ह. तो लीक झाला की बूस्ट थेट बूस्टरमध्ये. साध्या नॉन-टर्बो गाडीत तोच वॉल्व्ह लीक झाला तर फार तर जरा जोर जास्त लागेल, टर्बोमध्ये नेमका वेगात असतानाच ब्रेक जातो, म्हणून मी याच्यावर एवढा अडून बसतो.

डिझेलवाल्यांचं वेगळं आहे. डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप वेगळा असतो, जुन्या सुमो-सफारीच्या पिढीत बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला, नंतरच्या छोट्या डिझेल इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाला. बूस्ट ब्रेकमध्ये शिरायचा प्रश्न तिथे नाही, पण त्याच पंपावरून टी काढून टर्बोचा ॲक्च्युएटर (टर्बोचा जोर कमीजास्त करणारा) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) पण चालतो, त्यामुळे कुठलातरी पेन्सिलएवढा पाइप फाटला की गाडी पण ओढत नाही आणि ब्रेक पण कडक होतो. दोन्ही एकदम झालं की टर्बो उघडायला देऊ नका, आधी ते बारीक पाइप एकेक करून बंद करून बघा. आणि बूस्टरच्या होजमध्ये इंजिन ऑइल दिसलं तर पंपाचं ऑइल मागे येतंय, आणि ऑइल लागलं की बूस्टरचा पडदा फुगतो, मग पंपाबरोबर बूस्टरचाही खर्च धरून चाला.

तर तयारी. आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी थंड असताना पार्किंगमध्ये बसूनच तीन गोष्टी बघून घ्या, पाना पण लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल, मग पाय तसाच दाबून धरून सेल्फ मारा, इंजिन चालू होताक्षणी पॅडल पायाखालून अलगद इंचभर खाली सरकलं पाहिजे, ते पायाला स्पष्ट कळतं. सरकलं नाही तर व्हॅक्यूम पोचत नाहीये नाहीतर बूस्टर गेलाय. दुसरं, इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग दाबा, पहिले दोन दाब तरी मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर साठा गळतोय, वनवे वॉल्व्ह किंवा होज. तिसरं, इंजिन चालू असताना ब्रेक धरून ठेवून बंद करा आणि तीस सेकंद पाय हलवू नका, पॅडल वर ढकललं गेलं तर परत गळतीच. हे करताना काचा वर, एसी बंद, रेडिओ बंद. पाय धरून ठेवल्यावरही पायाजवळ सतत स्स्स आवाज येत राहिला तर पडदा फाटलाय किंवा बूस्टरच्या आतला वॉल्व्ह बसत नाहीये.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करा नाहीतर पैसे जातात. पॅडल कडक असेल तर बहुतेक वेळा व्हॅक्यूमची बाजू. पॅडल स्पंजसारखं असेल तर लाइनमध्ये हवा किंवा म्हातारा रबर होज. सिग्नलला उभं असताना पॅडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलेंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा). बाहेर कुठेच गळती नाही आणि तरी ब्रेक ऑइल कमी होत असेल तर मास्टरच्या मागच्या सीलमधून ते बूस्टरच्या पोटात जातंय, मास्टर सोडवून मागे बोट घाला, ओलं लागेल. मास्टरच्या खाली बूस्टरचा रंग फुगून सुटलेला दिसला तरी तेच.

गेज. व्हॅक्यूम गेज आणि एक टी जोड विकत घ्या, उसना मागू नका कारण हा पुढे सतत लागतो. बूस्टर आणि वनवे वॉल्व्हच्या मधे टी टाकायचा, वॉल्व्हच्या इंजिनकडच्या बाजूला नाही. पेट्रोल इंजिन गरम होऊन आयडलिंगला 18 ते 20 इंच दिसलं तर ठीक, रेस देऊन सोडली की अजून वर जाईल. डिझेल पंप चांगला असेल तर 25 च्या पुढे. हे आकडे मुंबईचे, म्हणजे समुद्रसपाटीचे, महाबळेश्वरला 1,350 मीटरवर तोच गेज साधारण 4 इंच कमी दाखवेल, तिकडे घाबरायचं नाही. एसी चालू करून पण रीडिंग घ्या, कारण आपण सायन-माटुंग्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून, आयडलिंगला, दर पाच फुटांवर ब्रेक मारत बसतो, खरी परीक्षा तिथेच असते. इंजिन बंद केल्यावर काटा जागेवर राहिला पाहिजे. मग गेजचा पाइप लांब करून केबिनमध्ये घ्या, बाजूला कोणालातरी बसवा, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा ओढा, बूस्ट आल्यावर काटा पडला तर चोर सापडला.

वनवे वॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघता येतो. बूस्टरकडच्या टोकातून फुंकलं तर हवा गेली पाहिजे, इंजिनकडच्या टोकातून फुंकलं तर अजिबात नाही, थोडीशी पण नाही. माझा काढला तेव्हा उलट्या बाजूने फुंकल्यावर शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, आतल्या रबराच्या चकतीच्या कडेला नखाएवढा चिरा. बस एवढंच. काही युरोपियन 1.8 टर्बोंमध्ये याच लाइनवर व्हॅक्यूम वाढवणारा छोटा जेट पंप पण असतो, प्लॅस्टिकचा, उष्णतेने बिस्किटासारखा तुटतो, हात लावायच्या आधी नवा आणून ठेवा.

सामानाबद्दल. होज व्हॅक्यूमसाठी बनवलेलाच घ्यायचा, आत दोऱ्याचा थर असलेला, बोटांनी दाबून चपटा होणारा नको, आणि टर्बोच्या गाडीत दोन्ही टोकांना क्लिप लागतेच कारण इथे आतून प्रेशर पण येतं. वनवे वॉल्व्ह, मास्टरचं सील किट, पॅड हे नवंच घ्या, ऑपेरा हाउसला बहुतेक मिळून जातं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना माल घ्यायचा तर बूस्टरचं शेल, कॅलिपरचा ब्रॅकेट असलं लोखंड घ्या, रबर असलेली वस्तू तिथून नको. ब्रेक ऑइल डॉट 4, सीलबंद लिटरचा डबा, अर्धा उघडा डबा कोणी दिला तर घेऊ नका. डॉट 4 नवं असताना किमान 230 अंशाला उकळतं आणि पाणी शोषलेलं असेल तर ते 155 पर्यंत खाली येऊ शकतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं ते यात मिसळायचं नाही, 5.1 चालतं. कॅलिपरच्या पिनसाठी रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस, प्रत्येक बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) नवे कॉपर वॉशर, ब्रेक क्लीनर, निपलसाठी (हवा काढायचा स्क्रू) रिंग पाना, पारदर्शक नळी, बाटली, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, हात जोडून सांगतो. आणि रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल हे ब्रेकच्या रबरापासून लांब, मिस्त्री सवयीने सील रॉकेलमध्ये धुतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा, रबर फुगतं आणि आठ दिवसांनी चाक जाम होतं.

बूस्टर किंवा मास्टर बदलणार असाल तर मधल्या पुशरॉडची लांबी जुन्या-नव्याची मोजून ठेवा. मिलिमीटरभर लांब राहिला तरी मास्टर पूर्ण मागे येत नाही, ब्रेक घासत राहतात, गरम होतात, अजून घट्ट होतात. आखूड राहिला तर पॅडल आधी पोकळ जातं.

एअर काढायला दुसरा माणूस लागतो. माझा मुलगा बसतो, मी खालून ओरडतो "दाब", तो "धरलं" म्हणतो, मी निपल उघडून बंद करतो, मग "सोड". तो सोडायची घाई करतो म्हणून आता धरलं म्हटल्याशिवाय मी पान्याला हातच लावत नाही. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, जुना मास्टर जमिनीपर्यंत दाबला तर आतल्या कधी न वापरलेल्या गंजक्या भागावर सील फाटतं, आणि नुसतं ऑइल बदलायला गेलेल्या माणसाला मास्टर घ्यावा लागतो. मास्टर उजवीकडे म्हणून साधारणपणे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात, पण लाइन तिरकी असलेल्या आणि एबीएसवाल्या गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघून कागदावर लिहून घ्या, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर स्कॅनर लागेल, त्याची सोय आधी करून ठेवा. टाकी मधे रिकामी होऊ द्यायची नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी.

एवढं सगळं बरोबर निघालं, गेज चांगला आला, तरच अपग्रेड. रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) ताकद वाढवलेल्यांना खरंच गरज असते, पण क्रम माझ्या मते असा की आधी चांगले पॅड आणि ताजं ऑइल, मग नवे होज, मग मोठी डिस्क, आणि बूस्टर-मास्टर शेवटी. मास्टर 22.2 मिलिमीटरवरून 23.8 चा केला तर एका दाबात जवळपास 15 टक्के ऑइल जास्त जातं, पॅडल वरच्यावर लागतं पण जोर जास्त लागतो, म्हणजे व्हॅक्यूम कमी असलेल्या गाडीत हा बदल उलटा पडतो. मोठ्या पिस्टनच्या कॅलिपरबरोबर मात्र तो जमतो. जागा असेल तर दोन पडद्यांचा बूस्टर हा सगळ्यात चांगला बदल, व्यास तेवढाच राहून जोर वाढतो. बदललेल्या कॅमशाफ्टमुळे व्हॅक्यूमच कमी असेल तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप, पण तो स्विच, रिले आणि स्वतःच्या फ्यूजसकट. आणि फक्त पुढचा ब्रेक वाढवून मागच्याकडे दुर्लक्ष करू नका, ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी लॉक होतात.

कागदांचं पण बघा. 15 वर्षांनंतर आरसी 5-5 वर्षांसाठी रिन्यू होते, ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली कुठेही जा, गाडी तपासूनच, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळं काही लावलं तर अडचण होऊ शकते. म्हणून त्याच मॉडेलच्या मोठ्या व्हेरियंटचे कंपनीचेच पार्ट लावणं मला बरं वाटतं, तरी आरटीओत आधी विचारून घ्या आणि बिलं गाडीत ठेवा.

काम झालं की लगेच घोडबंदरला चक्कर मारायला पळू नका. सोसायटीच्या आवारात चालत्या वेगाने दहा वेळा थांबवून बघा, मग रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा, मधे पॅड गार होऊ देत. घरी आल्यावर चारही चाकांखाली आणि मास्टरच्या खाली पुठ्ठे सरकवून ठेवा. सकाळी पुठ्ठे कोरडे असतील, ऑइलची पातळी कालच्या खुणेवर असेल आणि पहिला दाब मऊ लागला, तर गाडी बाहेर काढा.